नवतप्याआधी हिशेब: घर थंड ठेवायला किती पैसे लागतात?

मे महिन्याचे वीजबिल हातात पडले की पांढरकवड्यात घरोघरी पहिला ठपका कूलरवर येतो. बिल उलगडून नीट वाचले तर दिसते, की कूलरचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे. पैसा जास्त जातो तो दिवसभर तापून रात्रभर घरात उष्णता सोडणाऱ्या स्लॅबपायी, अठरा-अठरा तास फिरणाऱ्या जुन्या पंख्यांपायी आणि वापर वाढला की दरही वाढवणाऱ्या टप्प्यांपायी. नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर त्याच्या बरेच आधी, मार्चमध्येच कामाला लागायला हवे.

आधी टप्पे समजून घेऊ, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे. महावितरणच्या घरगुती दरात चार पायऱ्या आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या पायरीचा दर ४ रुपये ७१ पैसे, दुसरीचा १० रुपये २९ पैसे आणि तिसरीचा १४ रुपये ५५ पैसे होता. त्यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. सगळे मिळवले की पहिल्या शंभरातले युनिट सुमारे पावणेसात रुपयांना पडत होते, दुसऱ्या पायरीवरचे सव्वातेरा रुपयांना आणि तिसरीवरचे सव्वाअठरा रुपयांना. पुढचे हिशेब त्याच दरांनी केले आहेत; दर पुढेमागे होत राहतात, म्हणून आपला हिशेब करताना ताज्या बिलावरचे आकडे घ्यावेत. पायऱ्यांची रचना मात्र तीच असते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी. पहिली शंभर युनिटे सगळ्यांनाच स्वस्त दराने मिळतात, पण ती फ्रीज, दिवे, टीव्ही आणि पंख्यांतच संपतात. उन्हाळ्यात जे जास्तीचे लागते ते वरच्या पायरीवर जाऊन बसते. म्हणून कूलर किंवा एसी महिन्याला कितीला पडतो हे काढताना बिलाची सरासरी धरू नका, शेवटच्या पायरीचा दर धरा. बचतीलाही हेच लागू आहे: वाचलेले प्रत्येक युनिट सगळ्यात महाग दराचे असते.

एक साधे घर डोळ्यांपुढे आणू. तीन खोल्या, वर उघडा स्लॅब, तीन छतपंखे, एक फ्रीज, टीव्ही, एलईडी दिवे. फ्रीज, टीव्ही आणि दिवे मिळून महिन्याला ६५ युनिटे धरू. जुना छतपंखा ७५ वॅट खातो. मे महिन्यात एक पंखा १८ तास, दुसरा १६ आणि तिसरा १० तास फिरला तर रोजची ३.३, म्हणजे महिन्याची ९९ युनिटे. एकूण झाली १६४. स्थिर आकार सोडून हे बिल दीड हजाराच्या आसपास जाते. आता त्यात २०० वॅटचा कूलर रोज १२ तास चालवला तर ७२ युनिटे वाढतात आणि बिल साडेनऊशे रुपयांनी चढते. कूलरऐवजी दीड टनाचा एसी रोज आठ तास चालवला आणि तो तासाला सरासरी एक युनिट खातो असे धरले तर २४० युनिटे वाढतात. घर तीनशेची पायरी ओलांडते आणि बिलात सुमारे ३,७०० रुपयांची भर पडते.

आता पंख्यांकडे बघा. बीएलडीसी मोटरचा पंखा पूर्ण वेगात २८ ते ३५ वॅटच घेतो. आपल्या नमुन्याच्या घरात तिन्ही पंखे बदलले तर महिन्याला साधारण ६० युनिटे वाचतात, म्हणजे जवळजवळ आठशे रुपये. कूलरच्या विजेचा बहुतेक खर्च पंख्यांच्या बचतीतून निघतो. साधा पंखा दीड ते दोन हजारांना मिळतो, बीएलडीसी अडीच ते साडेतीन हजारांना. तिन्ही एकदम बदलणे जमत नसेल तर जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी बदला. एकट्या त्या पंख्यातून उन्हाळ्याच्या महिन्याला तीनशेच्या आसपास रुपये वाचतात, आणि पांढरकवड्यात पंखा वर्षाचे आठ-नऊ महिने चालतोच. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन सक्तीचे आहे, तेव्हा लेबल नसलेला पंखा घेऊ नका. बसवताना एवढे बघा, की बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो. रेग्युलेटर काढून सरळ बटणावर जोडून घ्यावा. ज्यांच्याकडे जुना डबा-रेग्युलेटर अजून आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे, की तो पंखा हळू करतो पण वाचलेली बरीच वीज स्वतः तापण्यात घालवतो. दोन-तीनशे रुपयांचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला की ही गळती थांबते.

माझे ठाम मत मात्र असे, की पहिला रुपया गच्चीवर खर्च करावा. मे महिन्यात रात्री दहा वाजता स्टुलावर चढून वरच्या मजल्याच्या छताला आतून तळहात लावून बघा. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणात बाज टाकून माणसे निवांत बसलेली असतात आणि छत मात्र अंगाला ताप असावा तसे गरम लागते. सिमेंटचा स्लॅब उष्णता हळूहळू पितो आणि हळूहळू सोडतो. दुपारी बाराला पडलेले ऊन आतल्या बाजूला संध्याकाळी पोहोचते आणि मध्यरात्रीपर्यंत झिरपत राहते. रात्री एकपर्यंत कूलर-पंखा चालवतो तो याच उष्णतेशी झुंजण्यासाठी.

त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय चुना. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीला चुना, तो धरून ठेवायला पांढरे सिमेंट किंवा डिंकासारखा चिकटा आणि दोन हातांची मजुरी असे सगळे मिळून साधारण दीड ते अडीच हजार रुपये लागतात. गच्ची आधी खराट्याने आणि पाण्याने स्वच्छ धुवून घ्या, नाहीतर चुना धुळीवर बसतो आणि पोपडे होऊन उडतो. पहिला हात पातळ, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा दाट. काम सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करा, कारण तापलेल्या स्लॅबवर चुना लागता लागता सुकतो आणि पकड घेत नाही. पावसाळ्यात तो बराचसा वाहून जातो, म्हणून हा दरवर्षीचा खर्च समजा. कूल रूफचा तयार रंग चौरस फुटाला मजुरीसह १५ ते ३० रुपये, म्हणजे तेवढ्याच गच्चीला ९ ते १८ हजार. तो चार-पाच वर्षे टिकतो, पण दरवर्षी मार्चमध्ये धूळ धुवावी लागते. मळलेला पांढरा रंग निम्मे काम करतो. दोन्हींत खोलीचे तापमान साधारण दोन ते चार अंशांनी उतरते. आकडा लहान वाटेल, पण झोप लागणे आणि न लागणे यातला फरक तेवढाच असतो.

हे नवे खूळ नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला असा पहिला. पुढे तिथल्या गरीब वस्त्यांत छते पांढरी करण्याचे काम झाले. पाटणबोरीच्या पुढे हद्द ओलांडली की तेलंगणा. त्या राज्याने २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी कूल रूफ धोरण जाहीर केले. ऊन हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे सारखेच आहे. आपल्या नगरपरिषदेने आणि ग्रामपंचायतींनी निदान शाळा, अंगणवाड्या आणि आरोग्य केंद्रांची छते तरी दरवर्षी मार्चमध्ये चुन्याने रंगवावीत. खर्च किरकोळ आहे आणि मागणी करण्याजोगी आहे.

टिनाच्या घरांचे दुखणे वेगळे. टिन तापायला वेळ लागत नाही. सकाळी नवापासून ते आत उष्णता फेकू लागते, पण सूर्य मावळला की लवकर निवतेही. तिथे दिवसा सावली हवी. आपल्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या टिनावर पसरायची जुनी रीत आहे, आणि ती कामही चोख करते. पण वाळलेली पऱ्हाटी एका ठिणगीत पेटते. ज्या घरात चूल आहे, वरून विजेची तार गेली आहे किंवा शेजारचे घर भिंतीला भिंत लावून आहे तिथे ती टाकू नका. त्याऐवजी टिनाच्या वर हात-दीड हात अंतर सोडून हिरवी नेट ताणा. मधून वारा खेळायला हवा. नेट टिनाला चिकटवून बांधली तर अर्धा फायदा गेला. आतून बांबूच्या तट्ट्याची किंवा चटईची छताडी लावली आणि तिच्या वरची गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जागा ठेवली तर डोक्यावरची धग पुष्कळ कमी होते. टिनावरही पांढरा रंग चालतो, पण तो धातूवर धरणारा हवा. नुसता चुना पहिल्याच वळवात धुऊन जातो. टिनाच्या खोलीत छताचे काम न करता एसी बसवणे म्हणजे महिन्याचे तीन-चार हजार रुपये वाऱ्यावर सोडणे.

खिडक्यांचे थोडक्यात सांगतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची ताटी किंवा नेट लावा. काच तापून उष्णता आत शिरल्यावर पडदा फारसे काही करू शकत नाही. सकाळी आठ-नऊला खिडक्या लावून घ्या आणि रात्री बाहेरची हवा निवली की सगळ्या उघडा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर सडा मारला तर स्लॅब लवकर निवतो. भर दुपारी मारलेले पाणी वाया जाते.

आता कूलर. आपल्या भागात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की कूलरला याहून चांगले हवामान मिळणार नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल तर चांगल्या स्थितीतला कूलर २९ अंशांच्या जवळपासची हवा देतो. तोच कूलर जुलैत, ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत, जेमतेम तीन अंश उतरवतो आणि खोली चिकट करतो. पहिला मोठा पाऊस झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा, आणि पावसाळ्यातल्या उकाड्यासाठी नवा कूलर घेऊ नका.

तक्रारी ऐकल्या तर ‘कूलर गार हवा देत नाही’ यामागे बहुतेक वेळा दोनच कारणे निघतात. पहिले, कूलर खोलीच्या आत ठेवलेला असतो किंवा समोरची खिडकी बंद असते. कूलरने बाहेरची कोरडी हवा ओढायची, भिजवायची आणि आत ढकलायची. आतली हवा दुसरीकडून बाहेर पडलीच पाहिजे. तसे झाले नाही तर तासाभरात खोलीत दमट हवा कोंडते आणि पाणी उडणे थांबते. समोरची खिडकी वीतभर तरी उघडी ठेवा. दुसरे कारण ताट्यांत असते. दुपारी कूलर चालू असताना आतून जाळीकडे बघा. ताटी सगळीकडे सारखी काळसर दिसायला हवी. मध्येच पिवळट पट्टा दिसला तर तेवढ्या भागातून कोरडी गरम हवा सरळ आत येते आहे. वरच्या पाइपची भोके क्षारांनी बुजलेली असतात. बारीक तारेने मोकळी केली की पट्टा नाहीसा होतो. बोअरचे पाणी जड असेल तर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर क्षार साचत जातात. गवताच्या ताट्यांचा संच दोन-चारशे रुपयांत येतो आणि दरवर्षी बदलावा लागतो. हनीकोंब पॅड एक-दोन हजारांना पडतात आणि निगा राखली तर तीन उन्हाळे काढतात, पण जड पाण्यात तेच पहिल्यांदा बुजतात. बोअरवर अवलंबून असलेल्या घराला मी गवताचीच ताटी सुचवीन. वाळ्याची ताटी सुवास छान देते, पण ती महाग आहे.

नवा कूलर घेताना आकाराला भुलू नका. बारा बाय बाराच्या खोलीला हॉलचा कूलर लागत नाही. स्थानिक कारागिराने बनवलेला पत्र्याचा कूलर चार ते आठ हजारांना आणि कंपनीचा प्लास्टिकचा आठ ते पंधरा हजारांना मिळतो. पत्र्याचा दुरुस्तीला सोपा, त्याचा प्रत्येक भाग गावातच मिळतो. प्लास्टिकचा गंजत नाही आणि शॉकचा धोका कमी. कूलर किती वीज खातो हे दुकानदाराच्या सांगण्यावर सोडू नका. घरी आणल्यावर बाकी सगळी बटणे बंद करून फक्त कूलर चालवा आणि मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा मीटरवर छापलेला असतो. तो ३२०० असेल आणि मिनिटाला दहा वेळा लुकलुक होत असेल तर कूलर साधारण १९० वॅट खातो आहे. पंधराच्या वर गेले तर मोटर जुनी झाली आहे किंवा रिवाइंडिंग हलक्या तारेचे आहे.

पाण्याचा खर्च मात्र कोणी मोजत नाही. एक लिटर पाणी उडताना जी उष्णता ओढते ती पाऊण युनिटाहून थोडी कमी. म्हणून मोठा कूलर भर दुपारी तासाला १५ ते २० लिटर पाणी सहज पितो. रोज दहा तास धरले तर दीडशे ते दोनशे लिटर. ज्या वस्तीत नळ एक दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येतो तिथे हे पाणी माणसांच्या वाट्याचे असते. टँकरवर दिवस काढणाऱ्या घराने दोन कूलर चालवण्यापेक्षा गच्चीला चुना देऊन सगळ्यांनी एका खोलीत झोपणे चांगले. कपडे आणि भांडी खळबळलेले पाणी कूलरमध्ये टाकू नका; साबणाने ताट्या कुजतात आणि घरभर वास येतो.

एसीच्या विरोधात मी नाही. घरात म्हातारे माणूस, हृदयविकाराचा रुग्ण किंवा तान्हे बाळ असेल तर नवतप्यात एक खोली खरोखर थंड असणे ही गरज आहे. दीड टनाचा पाच ताऱ्यांचा इन्व्हर्टर एसी ३८ ते ४८ हजारांच्या दरम्यान मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतीवर सूट दाखवणाऱ्याशी नीट बोला. लेबलवर तारे बघताना त्यावर छापलेली वर्षेही वाचा. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले तेव्हा आधीची पाच ताऱ्यांची यंत्रे चारवर आली. जुना माल जुन्या ताऱ्यांच्या भावाने घेऊ नये. लेबलवरचा वार्षिक वापर १,६०० तासांचा असतो. तो भागून जो तासाचा आकडा निघतो, त्यापेक्षा आपल्या मे महिन्याच्या दुपारी प्रत्यक्ष वापर बराच जास्त येणार हे धरूनच चला. तापमान २४ च्या खाली नेऊ नका. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरो सांगतो. २६ वर एसी आणि जोडीला हळू पंखा, ही जोडगोळी २२ च्या एसीइतकाच आराम देते.

हिवाळ्याला इथे खोली तापवण्याचा खर्च नसतो, आंघोळीच्या पाण्याचा असतो. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला अर्धे युनिट लागते, म्हणजे दुसऱ्या पायरीवर साडेसहा रुपये. पाच माणसांच्या घरात महिन्याचे हजार रुपये होतात. सोलर वॉटर हीटर परवडत नसेल तर काळ्या टाकीत दिवसभर उन्हात तापलेले पाणी संध्याकाळी वापरा. गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो.

स्वतःची गच्ची असलेल्यांनी सौर पॅनलचाही विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट महिन्याला १२० च्या आसपास युनिटे देतो, आणि ती बिलातली वरची, महाग युनिटे कापतात. पॅनलच्या सावलीने स्लॅबही कमी तापतो. मात्र ज्या घराचे बिल वर्षभर शंभर युनिटांच्या आतच असते त्याने कर्ज काढून हे करू नये.

हाती अडीच हजार असतील तर चुना. पाच-सहा हजार असतील तर चुना आणि एक बीएलडीसी पंखा. दहा-बारा हजार असतील तर त्यात पत्र्याचा एक बरा कूलर. एसी हे सगळे झाल्यावर.

आणि यातल्या कशाच्याही आधी अर्थिंग. पत्र्याचा कूलर, पाणी आणि सोललेली वायर यांमुळे विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात, त्यांत लहान मुलेही असतात. माळ्यावरून कूलर काढाल त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवा, घराची अर्थिंग तपासून घ्या, कूलरला तीन पिनांचाच प्लग लावा आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. मजुरी धरून दीड ते अडीच हजारांचे काम आहे. पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. आठवड्यातून एकदा टाकी उपसून, घासून, दिवसभर कोरडी ठेवा, म्हणजे डेंग्यूचा डास तिथे वाढणार नाही. एवढे केल्याशिवाय कूलरचे बटण दाबू नका.